१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : दरवेळी बाकी १ च का उरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या मूळ की संयुक्त, तिला विभाजक किती, आणि तिच्यात आणखी काय विशेष आहे? प्रश्नकर्त्यांची खरी अडचण पुढे आहे. अंकांची बेरीज ८७ येते आणि शेवटी ५ आहे, म्हणजे ३ ने आणि ५ ने भाग जायलाच हवा. पण ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ३, ५ आणि १७ ने भागून पाहिलं तर तिन्ही वेळा बाकी १ उरते. मग शाळेत शिकलेल्या कसोट्या एवढ्या मोठ्या संख्येला चालत नाहीत का?

चालतात. संख्या कितीही अंकी असो, ३ ची आणि ५ ची कसोटी तशीच लागू पडते. गडबड कन्सोलची आहे, आणि ती गडबड इतकी बोलकी आहे की या संख्येचं सगळं मर्म तिच्यातच सापडतं.

ब्राउझरचं कन्सोल जावास्क्रिप्ट या भाषेत चालतं आणि ती साधी संख्या ६४ बिटांत (० किंवा १ च्या ६४ जागांत) साठवते खरी, पण त्यातले काही बिट चिन्हाला आणि घातांकाला जातात. खुद्द अंकांसाठी ५३ बिटांची अचूकता उरते. ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे, म्हणजे २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, सगळे पूर्णांक त्यात नेमके बसतात. पुढे मात्र जागा विरळ होत जातात. आपल्या संख्येच्या आसपास पोचेपर्यंत दोन शेजारच्या जागांमध्ये २०४८ चं अंतर पडलेलं असतं. एक जागा १८४४६७४४०७३७०९५४९५६८ वर आणि तिच्या पुढची थेट १८४४६७४४०७३७०९५५१६१६ वर. तुम्ही दिलेली संख्या दुसऱ्या जागेच्या फक्त १ ने मागे आहे, म्हणून यंत्राने ती गुपचूप तिथे सरकवली आणि भागाकार त्या सम संख्येचा केला. पडद्यावर तर तीही नेमकी दिसत नाही, १८४४६७४४०७३७०९५५२००० असं काहीतरी दिसतं. एक्सेलची तऱ्हा वेगळी, तिथे पंधरा अंकांनंतर सरळ शून्यं भरली जातात.

म्हणजे यंत्राने भागली ती आपल्या संख्येहून १ ने मोठी असलेली संख्या, आणि बाकी १ उरली. याचा अर्थ आपल्या मूळच्या संख्येला ३, ५, १७ या तिघांनीही निःशेष भाग जातो! ज्याला तुम्ही कसोटीविरुद्धचा पुरावा समजलात तो तिच्याच बाजूने साक्ष देत होता. नेमकं उत्तर हवं तर जावास्क्रिप्टमध्ये संख्येच्या शेवटी 'एन' हे अक्षर लावा, किंवा सरळ पायथॉन वापरा. त्यात पूर्णांकाला अंकांची मर्यादा नाही.

आता ती १ ने मोठी असलेली संख्या कोण? २ चा ६४ वा घात. पुढे मी घात २^६४ असा लिहीन आणि तुमच्या संख्येला 'स' म्हणेन. तर स = २^६४ − १.

मुलांना संख्या सिद्धांत शिकवताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. वीस अंक समोर आले की अंकांकडे बघत बसू नका, ती संख्या कशी तयार झाली आहे ते शोधा. अंक हा दशमान पद्धतीचा पोशाख आहे. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, स लिहायची तर चौसष्ट वेळा १ लिहायचा, बस. तिचे जवळजवळ सगळे गुण ६४ या घातांकातून येतात, त्यातही ६४ हा स्वतः २ चा सहावा घात आहे यातून.

हा घात हाताने काढायलाही फार कष्ट नाहीत. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी एक रीत दिली आहे: घातांक सम असेल तर निम्मा करा, विषम असेल तर १ वजा करा, शून्यापर्यंत या आणि मग उलटे परता. परतताना जिथे निम्मं केलं होतं तिथे वर्ग, जिथे १ वजा केला होता तिथे दुप्पट. ६४ साठी सहा वेळा निम्मं आणि एकदाच १ वजा. म्हणून परतीचा प्रवास असा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि शेवटी १८४४६७४४०७३७०९५५१६१६. चौसष्ट वेळा दुप्पट करण्याऐवजी सहा वर्ग. शेवटचा वर्ग तेवढा घाम काढतो.

हीच रीत भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ.स. ११५०) गुणोत्तर श्रेढीसाठी वापरली आहे. तिथलं उदाहरण आपल्या संख्येचं चुलत भावंडच म्हणावं असं आहे. एक दाता पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जातो, तर महिन्यात किती निष्क दिले? एकूण कवड्या २१४७४८३६४६, म्हणजे २^३१ − २. निष्कांत उत्तर येतं १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क, हे कोष्टक घेऊन करून पाहा, जमतं. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठात हे गणित कुणी ना कुणी सोडवलंच असेल.

आता अवयव. ६४ सम आहे, त्यामुळे 'अ वर्ग वजा ब वर्ग' हे सूत्र लागू पडतं:

स = (२^३२ − १) × (२^३२ + १)

पहिल्या कंसातला घातांक ३२ पुन्हा सम, म्हणून तोही तसाच फुटतो. मग १६, ८, ४, २. प्रत्येक पायरीला 'अधिक १' वाला एक कंस बाजूला पडतो आणि शेवटी उरतं:

स = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

खालून वर चढत गेलं तर जास्त गंमत आहे. ३ × ५ = १५, पुढचा अवयव १७. १५ × १७ = २५५, पुढचा २५७. २५५ × २५७ = ६५५३५, पुढचा ६५५३७. ६५५३५ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, पुढचा ४२९४९६७२९७. प्रत्येक वेळी आतापर्यंतचा गुणाकार पुढच्या अवयवाहून बरोबर २ ने लहान. यावरून हेही कळतं की यातल्या कुठल्याही दोघांत १ सोडून समाईक विभाजक असू शकत नाही. असता तर त्याने २ लाही भागलं असतं, आणि हे सगळे तर विषम.

या सहा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. पिअर द फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून लिहिलं की २ चा घात अधिक १, आणि घातांक स्वतः २ चा घात, अशा सगळ्या संख्या मूळ आहेत असं त्याला वाटतं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाच खरोखर मूळ आहेत. सहावी ४२९४९६७२९७. तिच्यापाशी हे अनुमान जवळजवळ नव्वद वर्षं तसंच पडून होतं. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाखने ऑयलरला पत्राच्या शेवटी सहज विचारलं, फर्माचं हे म्हणणं ठाऊक आहे का? (१७२९ वाचून आपल्याला रामानुजनांच्या गोष्टीतला टॅक्सीचा नंबर आठवतो, पण तो निव्वळ योगायोग.) १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

६४१ त्याला सापडला कसा, हे समजून घेणं सगळ्यांत मोलाचं आहे, कारण त्यातच 'बाकी कोणत्या मूळ संख्येने भाग जात नाही आणि का' याचंही उत्तर आहे.

कोणतीही विषम मूळ संख्या प घ्या. १ पासून सुरू करून दुप्पट करत जा आणि दरवेळी प ने भागून बाकी लिहा. ७ साठी: १, २, ४, १, २, ४... तिसऱ्या दुपटीला पुन्हा १. म्हणजे ७ चा फेरा ३ चा. ११ चा फेरा १० चा, १३ चा १२ चा, १७ चा ८ चा. ६४ दुपटींनंतर बाकी १ यायची असेल, म्हणजेच २^६४ − १ ला प ने भाग जायचा असेल, तर प च्या फेऱ्याने ६४ ला पूर्ण भागलं पाहिजे. ३ ने ६४ ला भाग जात नाही, म्हणून ७ बाद. १० ने जात नाही, म्हणून ११ बाद. १२ ने जात नाही, १३ बाद. तेव्हा स ला ज्या मूळ संख्या भागतात त्यांचा फेरा २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ चाच असणार. ३ चा २, ५ चा ४, १७ चा ८, २५७ चा १६, ६५५३७ चा ३२. एकेका फेऱ्याला एकेक.

राहिला ६४ चा फेरा. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की फेरा नेहमी प − १ चा विभाजक असतो. म्हणून ४२९४९६७२९७ चा मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवलेलाच हवा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यांत मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातला २५७ चा फेरा १६ चा आहे, तो बाद. चौथ्या भागाकाराला काम फत्ते. चार अब्जांवरच्या संख्येचा अवयव चार भागाकारांत! ऑयलरची थोरवी आकडेमोडीत होतीच, पण इथे ती कोणते भागाकार करायचेच नाहीत हे ठरवण्यात जास्त दिसते.

भागाकार न करताही ६४१ ची खात्री पटवता येते. ६४१ हा दोन प्रकारे लिहिता येतो: ५ × २^७ + १, म्हणजे ६४० + १, आणि ५^४ + २^४, म्हणजे ६२५ + १६. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ धरता येते, कारण ती ६४१ ला १ ने कमी आहे. दोन्हीकडे चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्या रूपावरून ५^४ म्हणजे −२^४. ते आत घातलं की −२^३२ म्हणजे १. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. फळ्यावर चार ओळी लागतात.

६७००४१७ मूळ आहे हे कशावरून? त्याचं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे. १८७८ मध्ये ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की असे अवयव ६४ च्या नव्हे, १२८ च्याच पटीत १ मिळवून मिळतात. २५८९ पर्यंत त्या साच्यातल्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद. उरलेल्या चारांनी ६७००४१७ ला भागा: बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. शून्य एकही नाही. झालं सिद्ध, तेही कागद-पेन्सिलीने.

तर पूर्ण उत्तर:

स = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात वेगवेगळे मूळ अवयव, एकही पुन्हा आलेला नाही. विभाजक बनवताना प्रत्येक अवयव एक तर घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजकांची संख्या २^७ = १२८. स सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स च्या सुमारे ०.७०३४ पट भरते, म्हणजे ती परिपूर्ण संख्येच्या (जिथे ही बेरीज नेमकी त्या संख्येइतकी भरते) जवळपासही नाही. विषम संख्यांकडून ती अपेक्षा तशीही नसते, आजवर एकही विषम परिपूर्ण संख्या सापडलेली नाही.

स पेक्षा लहान आणि स शी सहमूळ, म्हणजे १ सोडून समाईक विभाजक नसलेल्या, अशा संख्या किती? प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार करायचा: २ × ४ × १६ × २५६ × ६४० × ६५५३६ × ६७००४१६ = ९२०८९८१६२८६७०४४३५२०. स च्या निम्म्याला किंचित कमी. ४२९४९६७२९७ मूळ असती तर हे उत्तर नेमकं २^६३ आलं असतं, जसं ४२९४९६७२९५ च्या बाबतीत नेमकं २^३१ येतं. ६४१ ने ती सुबकता मोडली.

अंकांवर आधारलेल्या गुणांबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण एक विचारला जातोच: ही हर्षद संख्या आहे का? देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हे नाव दिलं. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. स ची बेरीज ८७ = ३ × २९. ३ ने भाग जातो. २९ चा फेरा २८ चा आहे आणि २८ ने ६४ ला भाग जात नाही. म्हणून नाही. लांबलचक भागाकार करायचीही गरज पडली नाही.

वर्गांच्या बाबतीत स फार हट्टी आहे. ८ ने भागल्यास तिची बाकी ७ उरते. विषम वर्गाची बाकी १ च असते, त्यामुळे ती स्वतः वर्ग नाही हे उघड आहे. दोन वर्गांची बेरीजही ती होत नाही, आणि बाकी ७ असल्याने तीन वर्गांचीही नाही. चार वर्ग लागतातच. चार वर्ग कुठल्याही संख्येला पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं आहे, त्यामुळे पाचव्याची गरज नाही.

त्रिकोणी संख्या आहे का? म्हणजे १ + २ + ३ + ... अशी सलग बेरीज कुठेतरी बरोबर स वर येऊन थांबते का? कसोटी अशी की ८ने गुणून १ मिळवला तर पूर्ण वर्ग यायला हवा. ८स + १ = २^६७ − ७. इथे एकदम रामानुजन भेटतात. १९१३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी प्रश्न टाकला होता: २ चा घात वजा ७ हा पूर्ण वर्ग केव्हा होतो? घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ असताना वर्ग मिळतात, १, ९, २५, १२१ आणि ३२७६१. याखेरीज कधीच नाही हे नॉर्वेच्या नागेलने १९४८ मध्ये सिद्ध केलं. ६७ त्या यादीत नाही, म्हणून स त्रिकोणी नाही. एवढ्या एका घातांकापुरतं पाहायचं तर मोठ्या सिद्धांताचीही जरुरी नाही. २^६७ − ७ ला ११ ने भाग जातो पण १२१ ने जात नाही (बाकी ११). पूर्ण वर्गाला असं वागता येत नाही.

मला स्वतःला स चा सर्वांत देखणा गुण वाटतो तो मेरुप्रस्तारातला. दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलावरच्या टीकेत मांडलेला हा त्रिकोण, ज्याला पाठ्यपुस्तकं पास्कलचा त्रिकोण म्हणतात. टोकांना १, आणि मधली प्रत्येक संख्या वरच्या दोघांची बेरीज. आता विषम संख्येच्या जागी १ आणि समच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १, ११, १०१, ११११, १०००१... म्हणजे १, ३, ५, १५, १७. पुढे ५१, ८५, २५५, २५७. ओळखीचे चेहरे! या सगळ्या फर्मा संख्या किंवा त्यांचे आपापसातले गुणाकार आहेत. पहिल्या ३२ ओळींत ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांपासून बनणारे सर्व ३२ गुणाकार येतात, बत्तिसावी ओळ ४२९४९६७२९५. तेहतिसाव्या ओळीत ऑयलरने फोडलेली ४२९४९६७२९७ येते. आणि चौसष्टाव्या ओळीतली प्रत्येक संख्या विषम आहे, म्हणजे सलग चौसष्ट १, म्हणजे स. थोडक्यात, स च्या १२८ विभाजकांपैकी निम्मे या पहिल्या ६४ ओळींत ओळीने मांडलेले आहेत. उरलेले निम्मे कोणते? ज्यांत ६४१ आणि ६७००४१७ यांतला एकच अवयव आहे ते.

यातल्या बत्तिसाव्या ओळीला भूमितीत मान आहे. गाउसने १७९६ मध्ये, वयाची एकोणीस वर्षंही पुरी झालेली नसताना, दाखवलं की केवळ पट्टी आणि कंपासने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. ही अट टाळता येत नाही हे वांत्झेलने १८३७ मध्ये पक्कं केलं. आज माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या त्या पाचच, त्यामुळे असा ज्ञात विषम बहुभुज जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ बाजूंचा. स बाजूंचा निघत नाही, कारण ६४१ − १ = ६४० मध्ये ५ हा अवयव घुसलेला आहे. ६५५३७ बाजूंच्या बहुभुजाची रचना योहान हेर्मेस या जर्मन गणितज्ञाने दहा-एक वर्षं खपून १८९४ मध्ये लिहून काढली, हस्तलिखित ग्योटिंगेनला ठेवलं आहे. वाचलं कुणी असेल असं वाटत नाही.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच: पहिल्या घरात एक दाणा, पुढे दुप्पट, चौसष्ट घरांची बेरीज स. तांदळाच्या दाण्याचं वजन २५ मिलिग्रॅम धरलं तर सुमारे ४६ हजार कोटी टन. ल्यूकाने १८८३ मध्ये हनोईचे मनोरे हे कोडं काढलं तेव्हा सोबत काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथा जोडली. त्या हलवायला कमीत कमी स खेळ्या लागतात. सेकंदाला एक अशा गतीने ५८ हजार कोटी वर्षांच्या वर. या गोष्टी मुलांना सांगायला छान आहेत, पण त्यांतून 'केवढी मोठी' याच्यापलीकडे काही कळत नाही. आकार म्हणाल तर लीलावतीतली नावं परार्धापर्यंत, म्हणजे अठराव्या स्थानापर्यंत जातात, आणि स म्हणजे असे १८४ परार्ध आणि वर काही.

शेवटी शेजारपाजार. स च्या आधीची मूळ संख्या ५८ ने मागे आहे, १८४४६७४४०७३७०९५५१५५७. ६४ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी मूळ संख्या. पुढची १४ ने पुढे, १८४४६७४४०७३७०९५५१६२९. स − १ चे अवयव २ × ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. ७ इथे दोनदा आला, कारण घातांक ६३ होताच ७ चा ३ चा फेरा तर जुळतोच, ४९ चा २१ चा फेराही जुळतो.

आणि स + २ ही पुढची, सातवी फर्मा संख्या. स हाताने फुटते कारण घातांक सम आहे आणि सूत्र लागत जातं. स + २ ला असं कोणतंच सूत्र नाही. क्लाउझेनने १८५५ मध्ये गाउसला लिहिलेल्या पत्रात तिचे अवयव दिले होते, पण ते पत्र बराच काळ कुणाच्या नजरेत आलं नाही. १८८० मध्ये फोर्त्युने लांद्री यांनी ८२ व्या वर्षी ते स्वतंत्रपणे शोधले: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. आपली रीत त्यांनी पूर्णपणे कधी छापली नाही. इथे साचा २५६क + १ असा आहे आणि पहिला अवयव क = १०७१ ला सापडतो. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम आहे, करून पाहा. फक्त भागाकारासाठी एकेरी तिरकी रेघ वापरू नका, टक्क्याच्या चिन्हाने बाकी काढा. एकेरी रेघेने पायथॉनही अपूर्णांकांत शिरतो आणि अचूकता पुन्हा ५३ बिटांवर येते.